बिऱ्हाड पाठीवर, नकाशा हातात : दोन दिवसांची डोंगर मॅरेथॉन समजून घेताना

साताऱ्यात पळणाऱ्यांची वानवा नाही. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला जा, नाहीतर यवतेश्वरच्या घाटात, कुणी ना कुणी पळताना दिसतंच. दरवर्षीच्या हिल हाफ मॅरेथॉनला बाहेरगावची हजारो माणसं याच घाटात घाम गाळून जातात. दुसऱ्या बाजूला गड चढणारी मंडळी आहेत. रविवार उजाडला की कुणी वैराटगडावर, कुणी पांडवगडावर, कुणी चंदन-वंदनच्या खिंडीत. या दोन जमाती सहसा एकमेकींत मिसळत नाहीत. दोघींनाही एका मैदानात आणणारा खेळ म्हणजे माउंटन मॅरेथॉन. पण हा खेळ दोघींकडूनही आणखी एक गोष्ट मागतो. अनोळखी डोंगरात, कुणीही न दाखवता, नकाशा वाचून आपली वाट आपण काढणं.

आपल्याकडे पाय तयार आहेत, दमही आहे. कमी आहे ती नकाशाची सवय, आणि ती लावून घ्यायला साताऱ्यासारखा मुलूख शोधून सापडणार नाही. म्हणून हा खेळ नीट उलगडून सांगावासा वाटतो.

नावात मॅरेथॉन असली तरी ४२.१९५ किलोमीटरशी याचा संबंध नाही. दोघांची जोडी असते. शनिवारी सकाळी निघायचं, रात्री ठरलेल्या जागी तंबू ठोकून मुक्काम करायचा, रविवारी पुन्हा पळायचं. तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, दोन दिवसांचं खाणं, अंगावर चढवायचे कपडे, सगळं पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत दोघांच्याच पाठीवर. वाटेत बाण नाहीत, फिती नाहीत, पाण्याची टेबलं नाहीत, टाळ्या वाजवणारं कुणी नाही. सुरुवातीच्या रेषेवर हातात नकाशा मिळतो आणि घड्याळ सुरू होतं.

नकाशावर लहान लहान वर्तुळं छापलेली असतात. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यभागी, प्रत्यक्ष जमिनीवर, एक नारंगी-पांढरा तिकोनी कापडी कंदील टांगलेला असतो, बाजू ३० सेंटिमीटरची. याला कंट्रोल म्हणतात. सोबत छोटी पेटी असते. बोटाला बांधलेली चिप त्या पेटीत टेकवली की बीप वाजतो आणि तुम्ही इथं, या वेळी येऊन गेलात याची नोंद होते. कंट्रोल कुठे आहे याचं एका ओळीचं वर्णनही देतात : ‘घळीचा माथा’, ‘ओढ्यांचा संगम’, ‘कड्याचा पायथा’. दोन कंट्रोलच्या मधे कुठून जायचं ते मात्र कुणीच सांगत नाही. सगळा खेळ त्या न सांगितलेल्या भागात आहे.

हे मूळ ओरिएंटिअरिंगचं, म्हणजे नकाशा आणि होकायंत्राने वाट शोधत पळण्याच्या खेळाचं. स्कँडिनेव्हियातल्या सैन्यात नकाशावाचनाचा सराव म्हणून ते सुरू झालं आणि सर्वसामान्यांसाठीची पहिली स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली भरली. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ चा. त्याला दोन दिवस, पाठीवरचं ओझं आणि डोंगरातला मुक्काम जोडून इंग्लंडमध्ये १९६८ साली जी स्पर्धा सुरू झाली, ती आज ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ या नावाने चालते. ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे तिथला पाऊस, वारा, धुकं आणि लवकर पडणारा अंधार मुद्दाम अंगावर घेऊन. २०१४ पासून जपानमध्येही ती होते.

प्रकार मुख्यतः दोन. पहिल्यात सगळे कंट्रोल ठरलेल्या क्रमाने घ्यायचे. एक जरी चुकला तरी बाद. जो कमी वेळात संपवेल तो पुढे. दुसरा प्रकार गुणांचा, आणि नवख्यांनी यातूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. यात वेळ ठरलेला असतो. समजा, पहिल्या दिवशी पाच तास. नकाशावर वीस-पंचवीस कंट्रोल विखुरलेले, प्रत्येकाचे गुण वेगळे. रस्त्यालगतचा १० गुणांचा, लांबच्या सोंडेच्या टोकाचा ४०-५० चा. कुठले घ्यायचे, कुठल्या क्रमाने घ्यायचे, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. वेळेत परत आलात तर सगळे गुण तुमचे. उशीर झाला की दर मिनिटाला गुण कापले जातात, आणि उशीर वाढेल तशी कात्री मोठी होत जाते. त्यामुळे चौथ्या तासाला एखाद्या टेपाडावर उभं राहून ‘तो ४० चा घ्यायचा की सोडायचा’ हे ठरवताना जोडीचा खरा कस लागतो. हावरेपणाने केलेली गुणांची कमाई शेवटच्या वीस मिनिटांत परत द्यावी लागते. ज्यांना ‘सोडू या’ म्हणता येतं, त्या जोड्या बहुधा वर असतात.

आता नकाशाकडे येऊ.

नकाशाचं प्रमाण म्हणजे कागदावरचं एक अंतर जमिनीवर किती. या स्पर्धांत १ : ४०,००० किंवा १ : २५,००० चे नकाशे असतात. १ : ४०,००० वर एक सेंटिमीटर म्हणजे ४०० मीटर. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे सर्वत्र वापरले जाणारे नकाशे १ : ५०,००० चे, म्हणजे सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. एवढं कळलं की आडवं अंतर कळलं. पण डोंगरात आडवं अंतर अर्धंच सांगतं. उरलेलं अर्धं त्या तपकिरी वेड्यावाकड्या रेषांत असतं. त्या समोच्च रेषा.

सज्जनगडावरून मार्च-एप्रिलमध्ये उरमोडी धरणाकडे पाहिलंय? पाणी उतरत जातं तसे काठाच्या डोंगरावर एकाखाली एक मातीचे पट्टे उमटत जातात. प्रत्येक पट्टा एकाच उंचीवर, डोंगराच्या प्रत्येक वळणाबरोबर वळलेला. नकाशावरची समोच्च रेषा हीच. समजा, पाणी दर वेळी नेमकं २० मीटरने उतरलं आणि प्रत्येक वेळी काठाची रेघ कागदावर मारली, तर तयार होईल तो त्या डोंगराचा नकाशा. चढ उभा असेल तिथे रेघा एकमेकींना खेटतात, सपाटी असेल तिथे लांब जातात. पाणी जिथे डोंगरात आत घुसतं ती घळ. डोंगर जिथे पाण्यात पुढे येतो ती सोंड. दोन उंचवट्यांच्या मधे जिथे रेषा दोन्हीकडून चिमटीत आल्यासारख्या होतात ती खिंड. सुरुवातीला घळ आणि सोंड यांत गोंधळ होतो, कारण कागदावर दोन्हींचा आकार इंग्रजी व्ही सारखाच दिसतो. टोक चढाच्या दिशेला असेल तर घळ, उताराच्या दिशेला असेल तर सोंड. एवढं एक पाठ करून ठेवलं तरी पहिल्या दिवसाचं काम भागतं.

सह्याद्रीत मात्र आणखी एक गोष्ट आहे, आणि ती परदेशी लेखांत वाचायला मिळणार नाही. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांनी चढतो : उभा कडा, मग पदर (दोन कड्यांमधली सपाट पट्टी), पुन्हा कडा, वर सपाट सडा. नकाशावर रेषांचा एक गच्च जुडगा, मग मोकळी पट्टी, पुन्हा जुडगा, असं दिसलं की समजावं हे कडे आणि पदर. पण नकाशावर रेषा दर २० मीटरला असते. मधे १२-१५ मीटरचा सरळसोट कातळ असला तर तो दोन रेषांच्या मधे बेमालूम लपून जातो. कागदावर सोपा वाटणारा उतार प्रत्यक्षात अशा कड्यावर आणून उभा करतो. चार मजली इमारतीएवढा कडा आणि नकाशावर त्याचा मागमूस नाही. म्हणून आपल्या भागात साधा नियम : माथ्यावरून खाली उतरायचं असेल तर खिंड किंवा मळलेली वाट पकडा, अनोळखी घळीत डोकं घालू नका. वरून पाहिलं तर घळ वाट वाटते, खालून पाहिलं तर तो धबधब्याचा कातळ असतो. गुरं राखणारे मामा ‘तिथनं वाट न्हाई, कडा हाय’ म्हणतात तेव्हा त्या पाच शब्दांत वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. स्पर्धेत बाहेरच्या माणसाला वाट विचारायला बंदी असते, सरावात जरूर विचारा.

आता वाट कशी निवडायची ते हिशेबाने पाहू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा मांडला. आजच्या मापात तो असा : सपाटीला तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा. म्हणजे एक किलोमीटरला १२ मिनिटं, १०० मीटर चढाला १० मिनिटं. तुम्ही पळत असाल तर आकडे कमी होतील, पण चढ आणि सपाटी यांचं आपसातलं नातं फारसं बदलत नाही : एक मीटर चढणं म्हणजे साधारण आठ मीटर सपाट चालणं.

समजा, तुम्ही एका डोंगराच्या पूर्वेच्या सोंडेवर आहात आणि पुढचा कंट्रोल पश्चिमेच्या ओढ्यात आहे. धारेवरून सरळ गेलं तर अंतर २ किलोमीटर, चढ २५० मीटर. २४ मिनिटं अंतराची, २५ चढाची, एकूण ४९. डोंगराच्या कमरेला लागून पदराने वळसा मारला तर ३.२ किलोमीटर, चढ फक्त ४० मीटर. ३८ अधिक ४, म्हणजे ४२. वळसा सात मिनिटांनी स्वस्त. शिवाय सरळ वाटेने माथ्यावर गेल्यावर पलीकडे उतरायचंही आहे, आणि उभ्या उताराला लागणारा वेळ या हिशेबात धरलेलाच नाही.

पण थांबा. पदराने जाताना तीन घळी आडव्या येतात आणि दिवाळीनंतरची कारवी डोक्याएवढी असते. एकेका घळीत पाच मिनिटं गेली की सगळा हिशेब उलटला. अशा वेळी पाहायचं की पदराला गुरांची वाट आहे का. नकाशावर तुटक रेष असेल, किंवा पदराच्या दोन्ही टोकांना वाड्या असतील तर वाट असणारच, कारण माणसं एकमेकांकडे जातात. ‘पदरानं जाऊ या. दुसऱ्या घळीपर्यंत वाट सापडली नाही तर तिथूनच वर चढू.’ हा निर्णय अर्ध्या मिनिटात, धापा टाकत, एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो. मला या खेळात सगळ्यांत जास्त आवडतो तो हा क्षण.

वाट ठरली की चुकू नये म्हणून काही जुन्या युक्त्या आहेत. नकाशा नेहमी जमिनीशी जुळवून धरायचा. समोरचा डोंगर कागदावरही समोरच आला पाहिजे, मग अक्षरं उलटी दिसली तरी हरकत नाही. डाव्या हाताचा अंगठा कायम आपण आहोत त्या जागेवर. ओढा ओलांडला की अंगठा सरकला, सोंड वळली की अंगठा सरकला. हे पोरखेळ वाटेल, पण चांगल्या ओरिएंटिअरच्या हातात पाहा, नकाशा छोटा दुमडलेला असतो आणि अंगठा जागचा हलतो तो फक्त खूण पटल्यावर. दुसरी युक्ती, सोबतीची रेषा शोधायची : ओढा, धार, कड्याचा पायथा, पाटाचा बांध, जे काही आपल्या दिशेने जातंय ते धरून चालायचं. तिसरी, आधीच ठरवून ठेवायचं की कुठली खूण आली म्हणजे आपण पुढे निघून गेलो. ‘डांबरी रस्ता लागला तर कंट्रोल मागे राहिला’ एवढं ठाऊक असलं तर चूक फार लांब जात नाही.

आणि एक युक्ती मुद्दाम चुकण्याची. कंट्रोल ओढ्याच्या काठावर आहे आणि तुम्ही अर्ध्या किलोमीटरवरून गवतातून येताय. थेट नेम धरलात आणि ओढ्याला लागल्यावर कंदील दिसला नाही, तर तो डावीकडे राहिला की उजवीकडे हे कसं कळणार? म्हणून आधीच थोडं डावीकडे नेम धरायचा. ओढा लागला की बिनदिक्कत उजवीकडे वळायचं.

होकायंत्राचं काम इथे येतं. सपाट सड्यावर किंवा धुक्यात खुणाच दिसत नाहीत तेव्हा दिशेवर चालावं लागतं. पाच अंशांची चूक किलोमीटरभरात सुमारे ८७ मीटर बाजूला नेते, आणि कमरेएवढ्या गवतात तेवढं अंतर कंदील न दिसायला पुरेसं आहे. आपल्या भागात नकाशावरची उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक असल्याने ती वजाबाकी सोडून दिली तरी चालतं. मात्र होकायंत्र मोबाइलपासून लांब धरा, आणि कातळावर टेकवू नका. आपल्या काळ्या खडकात चुंबकीय खनिजं असतात. छातीशी, आडवं. जीपीएस आणि मोबाइलवरचे नकाशे या स्पर्धांत वापरता येत नाहीत. मोबाइल बंद करून, सामानाच्या तळाशी, संकटापुरता.

सामान हा या खेळाचा दुसरा अर्धा भाग. सक्तीची यादी असते आणि शेवटच्या रेषेनंतर पिशवी उघडून तपासतात. एखादी वस्तू कमी निघाली तर बाद. पावसाळी जाकीट, गरम कपडा, तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, डोक्याचा दिवा, शिट्टी, होकायंत्र, प्रथमोपचार, आणि शेवटपर्यंत न खाता परत आणायचं संकटकाळचं खाणं. हे जाचक वाटतं, पण का आहे ते २००८ साली दिसलं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये पहिल्याच दिवशी प्रचंड पाऊस-वाऱ्यामुळे स्पर्धा थांबवावी लागली, ओढ्यांना पूर आले, शेकडो स्पर्धक बेपत्ता असल्याच्या बातम्या जगभर गेल्या. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेकांनी आपापला तंबू ठोकून, आपलंच खाणं खाऊन, डोंगरात किंवा आडोशाला रात्र काढली आणि सकाळी चालत खाली आले. कुणाचा जीव गेला नाही. प्रत्येकाच्या पाठीवर ती यादी होती म्हणून.

तेव्हा वजन कमी करायचं ते वस्तू वगळून करू नये, हलकी वस्तू शोधून करावं. सरावलेल्या जोड्या माणशी पाच-सहा किलोत सगळं बसवतात. एका भांड्यात दोघांचं जेवण, एकच चमचा, तंबूचे खांब एकाकडे आणि कापड दुसऱ्याकडे. जो तगडा त्याने दोन गोष्टी जास्त घ्याव्यात. जोडीचा वेग कमी वेगवान माणसाचाच असतो, त्यामुळे त्याची पिशवी हलकी केली की दोघंही पुढे जातात.

खाण्यासाठी परदेशी पाकिटांची गरज नाही. शेंगदाण्याची चिक्की, गूळ-दाणे, खजूर, दोन दिवस टिकणाऱ्या दशम्या आणि धपाटी, सातूचं पीठ हे सगळं वजनाला हलकं आणि जोर देणारं. साताऱ्याचा कंदी पेढा तर चढावर तोंडात टाकायला उत्तम. नुसत्या गोडाने मात्र तिसऱ्या तासाला तोंड फिरतं. खारे दाणे, चटणीची पुडी, लिंबाचं लोणचं जवळ असू द्या. मुक्कामाला गरम पाण्यात शिजणारा मेतकूट-भात किंवा शेवया. पोचल्यापोचल्या, तंबू लावण्याआधी, काहीतरी खा आणि कोरडे मोजे चढवा. घाम वाळला की डोंगरावरचा वारा हाडात शिरतो.

मुक्कामाच्या जागी पाणी आणि शौचाची सोय असते, बाकी काही विकत मिळत नाही. दहा-बारा अंशांपर्यंत खाली येणारी आपली हिवाळी रात्र इंग्लंडच्या मानाने सुसह्य, पण दव इतकं पडतं की सकाळी तंबूचं कापड ओल्या धुण्यासारखं जड होतं. ठरलेल्या क्रमाच्या प्रकारात दुसऱ्या दिवशी बऱ्याच स्पर्धांत पाठलागाची सुरुवात असते : पहिल्या दिवशी जो पहिला, तो पहिला निघतो, आणि जेवढ्या फरकाने तुम्ही मागे तेवढ्या वेळाने तुम्ही. त्यामुळे शेवटच्या रेषेवर जो आधी पोचेल तो जिंकला, हिशेब करत बसायला नको.

साताऱ्यात हे कुठे आणि कधी करावं? नोव्हेंबर अखेर ते जानेवारी अखेर. त्याआधी गवत ओलं आणि ओढे भरलेले, त्यानंतर ओढे आटतात आणि वणव्याचा काळ सुरू होतो. चूल पेटवायची नाही, गॅसचा स्टोव्ह तोही साफ केलेल्या जमिनीवर. कोयनेचं अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे रात्री माणसं पसरवून सोडण्याचा विचारही नको. कासचा सडा २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्या कातळावरची वीतभर माती म्हणजे शेकडो फुलझाडांचं घर; तिथे शेकडो बुटांना जागा नाही. वाई-कोरेगाव बाजूचे चंदन-वंदन, वैराटगड, कल्याणगड यांच्या मधला मुलूख मला या खेळासाठी जास्त योग्य वाटतो. खिंडी आहेत, सोंडा आहेत, पायथ्याला गावं आहेत आणि अडचण आली तर रस्ता जवळ आहे. अर्थात वनखात्याची परवानगी, ग्रामपंचायतीची संमती आणि ज्याच्या रानातून जायचं त्याचा होकार, हे आधी. शाळूच्या उभ्या पिकातून वाट काढणारा स्पर्धक बाद, असा नियम पहिल्या ओळीत हवा.

आग्या मोहोळाचं तर निक्षून सांगतो. आपल्या कड्यांना ती असतात. अत्तर, सुगंधी फवारे आणि धूर यांनी माश्या उठतात. नियोजकांनी कड्याच्या पायथ्याचे कंट्रोल आधी स्वतः जाऊन पाहावेत. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड-मान कपड्याने झाकून लांब पळायचं. आणि मदतीचा इशारा शिट्टीने : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचं. हे दोघांनाही तोंडपाठ हवं.

स्पर्धा भरेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाचा नकाशा उतरवून घ्या, छापा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. सोबत्याला घेऊन ओळखीच्या डोंगरावर जा, कारण नकाशा शिकायला डोंगर ओळखीचा असलेला बरा. कागदावरची रेष आणि पायाखालची सोंड यांची गाठ तिथे लवकर पडते. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर उभं राहून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर एकेक करून नकाशावर शोधा. मग एकाने घरी बसून पाच जागा वर्तुळात आखायच्या, दुसऱ्याने त्या शोधून तिथल्या खुणेचा फोटो काढून आणायचा. पुढच्या रविवारी अदलाबदल. फोटो काढण्यापुरताच मोबाइल बाहेर, आणि वर्तुळं आखताना प्रत्येक जागा गावाच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर ठेवा.